धागा कुठला काढलास?

लग्नाची पत्रिका हातात आली की आमच्या मॅडम ती आधी उजेडात धरायच्या. नावं, मुहूर्त, स्थळ हे सगळं नंतर. एक डोळा मिटून, कागद तिरका करून त्यात काय भरलंय ते बघायचं, बोटाने टिचकी मारून आवाज ऐकायचा, आणि मग विचारायचं, "कागद बरा आहे. कुणाचं लग्न?" त्यांचे वडील नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये होते, तिथून ही खोड घरी आलेली. माझ्या लग्नाची पत्रिका दिली तेव्हाही हेच. मी समोर लाजून उभी, आणि या कागदाला टिचक्या मारतायत.

तेव्हा मी सातपूरला एका औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत मॅडमच्या हाताखाली लागले होते. नुकतीच एम.एस्सी. झालेली, तेविशीची, दोन वेण्या सोडून एक वेणी घालायला लागलेली, आणि जगातलं सगळं रसायनशास्त्र आपल्याला विचारून चालतं अशा समजुतीची. आज ती मुलगी माझ्यासमोर आली तर मी तिला आधी पाटावर बसवून दोन गोष्टी सुनावीन. पण तेव्हा सुनावायला मॅडम होत्या, आणि त्या सुनावायच्या नाहीत. प्रश्न विचारायच्या. ते जास्त लागायचं.

कारखान्यात बाहेरून पावडरींचे ड्रम यायचे. सगळ्या पावडरी पांढऱ्या. ड्रमवर जे नाव आहे तेच आत आहे का, हे ठरवणं आमचं काम. त्यासाठी एक यंत्र होतं. डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण ते पदार्थातून पाठवायचं. प्रत्येक पदार्थ त्यातले आपल्या आवडीचे तेवढे गिळायचा, आणि यंत्राचं पेन कागदावर डोंगरदऱ्यांसारखी रेघ काढत जायचं. पॅरासिटामॉलची रेघ वेगळी, साखरेची वेगळी. अंगठ्याच्या ठशासारखं. आम्ही सगळे त्या खुणांना 'पीक' म्हणायचो. मॅडम म्हणायच्या, "शिखर कसलं? खाली उतरतंय ते. दरी म्हणा."

पहिल्याच आठवड्यात मी पराक्रम केला. या यंत्रात नमुना धरायला काचेच्या खिडक्या चालत नाहीत, काच ते किरण अडवते. म्हणून मिठाच्या स्फटिकाच्या चकत्या असतात. दिसायला हुबेहूब काचेसारख्या, महागड्या, डबीत मखमलीवर ठेवलेल्या. काम झाल्यावर त्या मळकट दिसल्या. मी स्वच्छ वळणाची मुलगी. नळाखाली धरून चांगल्या चोळून धुतल्या. चोळता चोळता त्या लहान व्हायला लागल्या.

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"मीठ पाण्यात विरघळतं हे कितवीत शिकलीस?"

"पाचवीत," मी म्हटलं.

"आणि एम.एस्सी. कशात केलंस?"

त्यांनी माझ्या हातातून उरलेला, बत्ताशाएवढा झालेला तुकडा घेतला, टिपकागदाने पुसला आणि डबीत परत ठेवला. ती डबी माझ्या टेबलावर वर्षभर होती. कुणी पाहुणा आला की मॅडम सांगायच्या, "ही आमची नवीन केमिस्ट. आणि हे तिचं पहिलं काम."

त्या खोलीला कारखान्यातला एकमेव एसी होता, यंत्राला दमट हवा चालत नाही म्हणून. मे महिन्यात अख्ख्या कारखान्याला अचानक मॅडमकडे काम निघायचं. अकाउंट्सवाले, स्टोअरवाले, साहेबांचा ड्रायव्हर, सगळे. मॅडम एक डोळा रेघेवर ठेवून बसलेल्या. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइडही किरण गिळतो. कुणी यंत्राजवळ वाकून श्वास सोडला की रेघेत एका ठरलेल्या जागी बारीकसा खड्डा पडायचा. तो दिसला की त्या मान वर न करता म्हणायच्या, "ज्याला श्वास घ्यायचाय त्याने बाहेर जाऊन घ्यावा." एकदा मी दुपारच्या सुट्टीत मैत्रिणीबरोबर तिथेच बसून माझ्या ठरलेल्या लग्नाची चर्चा केली. मॅडम परत आल्या, चार्ट बघितला आणि म्हणाल्या, "मुलगा चांगला असेल, पण एवढं बोलण्यासारखा आहे का?"

हवेतला दमटपणा हा त्यांचा खासगी शत्रू होता. औषधाच्या बाटलीत असते ना, ओल शोषणारी पुडी, तशा पुड्या त्यांच्या पर्समध्ये, चष्म्याच्या घरात, छत्रीत आणि जेवणाच्या डब्यात. श्रावणातसुद्धा त्यांचा चिवडा कुरकुरीत. डबा उघडला की आधी पुडी निघायची, मग चिवडा. "पुडी खाऊ नकोस," असं मला रोज बजावायच्या. त्या मिठाच्या चकत्यांनंतर त्यांना माझी खात्री नव्हती.

आणि प्रत्येक गोष्टीचा नमुना घ्यायचा. तुटलेलं बटण, एस.टी.च्या सीटमधला स्पंज, कंगव्याचा दात. लग्न त्यांनी केलं नव्हतं. मी एकदा आगाऊपणे कारण विचारलं, तर म्हणाल्या, "नमुने आले होते. पुरेसे नव्हते." एकदा आमच्या साहेबांनी आजोबांची काठी आणली. गव्याच्या शिंगाची मूठ, तीन पिढ्यांचा अभिमान. मॅडमनी मुठीच्या आतल्या बाजूचा किंचित कीस काढला आणि दुपारी चार माणसांदेखत आनंदाने सांगितलं, "साहेब, प्लास्टिक आहे. पण जुनं, चांगलं प्लास्टिक." साहेब दोन दिवस बोलले नाहीत. मॅडमच्या ते लक्षातच आलं नाही. खरं ते सांगितलं, आता त्यात वाईट काय वाटायचं?

त्यांचा खरा ध्यास मात्र यंत्र नव्हतं, नमुना होता. ड्रम आला की वरून, मधून आणि तळातून, तीन ठिकाणांहून काढायचा. दहा ड्रम आले तर दहाही उघडायचे. "वरचा थर म्हणजे ड्रम नव्हे," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की डोहाळजेवणात माझ्या तोंडून ते खिरीच्या पातेल्याबद्दल निघालं होतं. भाजीबाजारातही तेच. पंचवटीत एकदा आम्ही बरोबर होतो. मॅडम वांग्यांच्या ढिगात तळापर्यंत हात घालून एकेक वर काढत होत्या. भाजीवाली शेवटी म्हणाली, "बाई, पाटीच उपडी करू का आता? लय तपासता बुवा."

"करा," मॅडम म्हणाल्या. आणि वाट बघत उभ्या राहिल्या.

आता मूळ गोष्ट. हिच्यात मी इतकी शहाणी आहे की नातीला सांगताना अजून कान लाल होतात.

लग्न होऊन मी पंचवटीत आले. सासूबाई बोलायला कमी, पण जे बोलतील ते शेवटचं. त्यांनी मला येवल्याची पैठणी दिली होती, मोरपंखी, नारळी काठाची. माहेरी होत्या तेव्हापासून त्या एकाच विणकराकडून घेत आलेल्या. त्यांची स्वतःची, नणंदेची, माझी, सगळ्या एकाच मागावरच्या. माझ्या आईने दिला होता लाल शालू. मी तो कपाटात पैठणीच्या वर ठेवायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, "प्युअर सिल्क आहे हं." सासूबाई त्यावर काही बोलायच्या नाहीत.

एक दिवस कपडे आवरताना त्या सहज म्हणाल्या, "रेशीम बोटाला कळतं."

बस, एवढंच. पण एम.एस्सी.बाईंना झोंबलं. बोटाला कळतं? मग आम्ही काय एसीत बसून रेघोट्या मारतो? दुसऱ्याच दिवशी मी पैठणीची घडी उलगडली, खालच्या काठाजवळ आतल्या बाजूने सुईने एक धागा उचकून काढला आणि पर्समध्ये टाकून कामावर नेला. जेवणाच्या सुट्टीत कात्रीने बारीक बारीक कापला, पोटॅशियम ब्रोमाइडच्या भुकटीत घोटला, दाबयंत्रात दाबून चकती केली आणि यंत्रात ठेवली. रेशमाच्या रेघेत मध्यावर दोन ठळक दऱ्या शेजारी-शेजारी असतात, केसांच्या आणि नखांच्या रेघेसारख्याच. इथे त्या नव्हत्याच. त्यांच्या थोडं अलीकडे एकच खोल, टोकदार दरी. पॉलिएस्टर.

मला वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला. ही मी.

संध्याकाळी चहाच्या वेळी मी तो चार्ट सासूबाईंच्या समोर ठेवला आणि बोट ठेवून समजावून सांगितलं. मास्तरणीसारखं. "आई, तुमची फसवणूक झालीये. हे रेशीम नाही, टेरिलीन आहे." त्यांनी कागद हातात घेतला. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण त्या बराच वेळ त्या एका दरीकडे बघत राहिल्या. मग उठल्या, पैठणी काढली, पांढऱ्या पंच्यात गुंडाळली.

"परवा सकाळच्या गाडीने येवल्याला जाते," त्या म्हणाल्या. "हा कागद मला दे. त्याच्या समोर ठेवते. तीस वर्षं त्याच्या वडिलांपासून घेतोय आपण. आता त्याच्या दारात पाय ठेवायचा नाही."

"माणसं अशीच असतात, आई," मी म्हटलं. हेही म्हटलं मी.

दुसऱ्या दिवशी तो कागद एका दिवसापुरता मागून नेला आणि मॅडमना मोठ्या ऐटीत सगळी हकिगत सांगितली. मला वाटलं, शाबासकी मिळेल. मॅडमनी चार्ट उजेडात धरला. रेघ बघितली, मान हलवली. पॉलिएस्टर, शंका नाही. मग विचारलं, "धागा कुठला काढलास?"

"आतल्या बाजूचा. खालच्या काठाजवळचा."

"खालच्या काठाला फॉल लावलाय का?"

"हो, सासूबाईंनी लावून घेतला—"

पुढचं वाक्य माझ्या तोंडात विरघळलं. मी पैठणीचा धागा काढला नव्हता. फॉल शिवलेला दोरा काढला होता. कोपऱ्यावरच्या टेलरकडचा, रिळाचा, टेरिलीनचा दोरा.

मॅडमनी घड्याळ बघितलं. "गाडी कधीची?"

"उद्या सकाळची."

ज्या बाईने आठ वर्षांत अर्ध्या दिवसाची रजा घेतली नव्हती, तिने पर्स उचलली, त्यात चिमटा, सुई, भिंग आणि कागदी पाकिटं टाकली आणि मला लुनावर मागे बसवलं. सातपूर ते पंचवटी त्यांनी लुना कुठे थांबवली नाही. मी मात्र मागे बसून सासूबाईंना काय सांगायचं याच्या तालमी करत होते. बहुतेक तालमींमध्ये दोष टेलरचा होता.

घरी सासूबाईंनी पिशवी भरून ठेवली होती. मॅडम जमिनीवर सतरंजीवर बसल्या, पाणी घेतलं आणि थेट सांगितलं, "ताई, यंत्र खोटं बोललं नाही. त्याला फॉलच्या दोऱ्याबद्दल विचारलं, त्याने फॉलच्या दोऱ्याबद्दल सांगितलं. विचारणारी चुकली."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी सतरंजीच्या पट्ट्या मोजल्या.

"म्हणजे साडी खरी?"

"ते मला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "अजून विचारलेलं नाही. तुम्ही उद्याचा दिवस थांबा. नमुना तुमच्या समोर घेते. जागा तुम्ही सांगायच्या."

मग ते नमुना घेणं. पदराच्या टोकाच्या दशा वेगळ्या, आत खोचायच्या टोकाच्या दशा वेगळ्या. उभा धागा एका पाकिटात, आडवा दुसऱ्यात. प्रत्येक पाकिटावर मॅडमनी लिहिलं आणि सासूबाईंची सही घेतली. आमच्या साहेबांनाही एवढा मान कधी मिळाला नव्हता. सह्या करता करता सासूबाई खुलल्या. म्हणाल्या, "बाई, पण तुम्हाला हाताला नाही कळत?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला कसं कळतं? शिकवा."

आणि मी बघितलं ते असं: आमच्या मॅडम, विभागप्रमुख, डोळे मिटून मांडी घालून बसलेल्या, आणि सासूबाई कपाटातून एकेक वस्त्र काढून त्यांच्या दोन बोटांत देतायत. "चोळा. आता थांबा. ऊब येते का बघा. रेशीम लगेच आपलं होतं. टेरिलीन गुळगुळीत असतं, पण परकं राहतं. आणि लाकडाच्या लगद्याचं असतं ना, ते नकली रेशीम, ते गार लागतं, जड पडतं." मॅडम चुकल्या. सासऱ्यांच्या सोवळ्याला टेरिलीन म्हणाल्या. सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. पुन्हा दिलं, पुन्हा चुकल्या. सातव्या-आठव्या खेपेला जमायला लागलं. मग डोळे उघडून त्यांनी वहीत सगळं उतरवून घेतलं, ऊब, गारवा, वजन, आणि शेवटी कुणी शिकवलं तेही.

एवढं सगळं गोडीने चाललंय, तर मी गप्प बसावं की नाही? पण नाही. माझी पत गेली होती ना, ती परत मिळवायची होती. मी उठून माझा शालू आणला. "मॅडम, आलाच आहात तर याचाही घ्या नमुना. हा तर प्युअर सिल्कच आहे."

सासूबाईंनी चटकन शालूवर हात ठेवला. "राहू दे गं. त्याचं कशाला?"

"का? होऊन जाऊ दे," मी म्हटलं.

मॅडमनी शालूचा काठ दोन बोटांत धरला. चोळला. थांबल्या. मग त्यांनी सासूबाईंकडे बघितलं, आणि सासूबाईंनी त्यांच्याकडे. मॅडमनी हातातली सुई पर्समध्ये ठेवली.

"याचा नमुना निघणार नाही," त्या म्हणाल्या. "वीण फार घट्ट आहे."

मला वाटलं, दमल्या असतील. शालूची स्तुती झाली म्हणून मी खूशसुद्धा झाले.

दुसऱ्या दिवशी चार वाजेपर्यंत सगळे चार्ट निघाले. उभा, आडवा, पदर, आतलं टोक, सगळीकडे त्या दोन दऱ्या शेजारी-शेजारी. रेशीम. मॅडमनी मराठीत, स्वच्छ अक्षरात रिपोर्ट लिहून दिला, 'पैठणीचे चारही नमुने रेशमाचे आढळले', खाली सही. सासूबाईंनी तो पैठणीच्या घडीत ठेवला. येवल्याला त्या गेल्याच, आठवड्याभराने, बेसनाचे लाडू घेऊन. विणकराला काहीच माहीत नव्हतं. त्याला न सांगताच माफी मागून आल्या. तो बिचारा आजवर लाडवांचं कारण शोधत असेल.

मॅडम पुढे रिटायर झाल्या, नाशिकरोडलाच राहिल्या. माझ्या मुलीच्या बारशाला आल्या तेव्हा पाळण्याच्या दांडीला टिचकी मारून "सागवान" म्हणाल्या, आणि ते बरोबर निघालं. सासूबाईंशी त्यांचं माझ्यापेक्षा जास्त जमलं. दोघी वर्षातून दोनदा येवल्याला जायच्या, मला न घेता.

पण शालूचं राहिलं. त्या नमुन्यांनंतर महिनाभराने मला ते खायला लागलं. 'वीण घट्ट आहे.' कुठल्या साडीच्या आतल्या टोकाला दशा नसतात? एका शनिवारी दुपारी मी नीट, मॅडमच्या पद्धतीने, उभा वेगळा आणि आडवा वेगळा धागा काढून नेला. चार्ट निघाला. त्या दोन दऱ्या नव्हत्या. डावीकडे एक पसरट मोठी दरी, उजवीकडे एक खोल. कापसाची असते तशी. लाकडाच्या लगद्याचं नकली रेशीम.

मॅडम मागे येऊन उभ्या होत्या.

"उभा-आडवा वेगळा घेतलास?"

"हो. दोन्ही सारखेच."

"मग बरोबर आहे."

"तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं?"

"शंका आली होती," त्या म्हणाल्या.

"आणि आईंना?"

"त्यांना शंका नव्हती."

वर्षभर मी ज्यांच्यासमोर 'प्युअर सिल्क, प्युअर सिल्क' करून मिरवत होते, त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला तिथल्या तिथे त्या नळाखाली धरून धुतलं असतं तर बरं झालं असतं.

यंत्रावर काहीही चढवलं की रजिस्टरात लिहायचंच, असा नियम. मी लिहिलं: नमुना, शालू. निष्कर्ष, अमान्य. मॅडमनी माझ्या हातातून पेन घेतलं.

"अमान्य कशाच्या तुलनेत? आई देताना काय म्हणाली होती?"

मी आठवून बघितलं. "म्हणाली, तुझ्या लग्नाचा शालू आहे, नीट वापर."

"रेशीम म्हणाली?"

"नाही."

"मग कोण म्हणालं?"

"मी."

"तर तुझ्यापुढे अमान्य लिही. साडीपुढे कशाला?" त्यांनी माझ्या शब्दावर नियमाप्रमाणे एकच आडवी रेघ मारली, शेजारी 'मान्य' लिहिलं आणि सही केली.

त्या वर्षी खंडेनवमीला, यंत्रांच्या पूजेला, मी तो शालू नेसले. निघताना सासूबाईंनी माझ्या निऱ्या सारख्या केल्या, पदर खांद्यावर नीट बसवला.

"आभाळ आलंय," त्या म्हणाल्या. "रिक्षाने जा. भिजवू नकोस, रेशीम जपावं लागतं."

"हो, आई," मी म्हटलं, आणि रिक्षाने गेले.